गॅलरीतले फीडर : सुतारकाम शिकतानाच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

सकाळी साडेआठला पुण्याच्या जुन्या बाजारात. बाजार बुधवारीही भरतो, पण बुधवारी ऑफिस असतं. घेतलेली हत्यारं : हातकरवत, एक इंची पटाशी म्हणजे लाकडाची छिन्नी (मूठ उललेली आहे, पातं चांगलं आहे), हातोडी, काटकोन बघायचा लोखंडी गुण्या. सगळं मिळून ६४० रुपये. गुण्या तिथेच तपासून घेतला. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ ओढायची, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा ओढायची. दोन रेघा एकावर एक बसल्या तर काटकोन खरा. पहिल्या दोन गुण्यांच्या रेघा वर जाईपर्यंत फाकल्या, तिसरा घेतला.

हे सगळं कशासाठी ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. तांदूळ निवडून झाले की आई सुपातली कणी गॅलरीच्या कठड्यावर टाकते. सदाशिव पेठेतल्या वाड्यात तिने सूप झटकलं की त्या आवाजाने चिमण्या अंगणात उतरायच्या. इथे सहकारनगरात त्या कणीवर पारवे उतरतात. कठडा, वाळत घातलेले कपडे, खालच्या मजल्याची खिडकी, सगळं घाण होतं. खालच्या काकूंना दमा आहे. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासातून गेली तर काही माणसांच्या फुफ्फुसांना सूज येते, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर फुफ्फुसं कडक होत जातात. काकू चांगल्या आहेत, अजून एका शब्दाने बोललेल्या नाहीत. म्हणूनच हे माझ्या जिवाला लागलं.

आईला कणी टाकू नकोस असं सांगणं मला जमणार नाही. तेव्हा चिमणीला मिळेल आणि पारव्याला मिळणार नाही असा लाकडी फीडर, म्हणजे दाण्याचं भांडं, करायचा. तोही स्वतः, कारण सुतारकाम शिकायची इच्छा कॉलेजपासून आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

लाकूड आलं. भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या मागे यंत्रांबरोबर आलेले पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, पडलेले असतात, त्यातले दोन मिळाले. पाइन आहे. हलकं, मऊ, शिकणाऱ्याला सोपं. सागवान वर्षानुवर्षं टिकलं असतं, पण टिंबर मार्केटमधला भाव ऐकल्यावर पहिल्या चुका सागवानावर करणं मला पटेना.

पॅलेट घेताना शिक्का बघायचा. चौकोनात गव्हाची ओंबी, देशाची खूण आणि शेवटी दोन अक्षरं असतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड कीड मारण्यासाठी फक्त तापवलेलं असतं : गाभ्यापर्यंत ५६ अंश, अर्धा तास. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तसलं लाकूड दाण्याच्या भांड्याला नको. शिक्काच नसेल तर तेही नको. आमचे दोन्ही ‘एचटी’.

खिळे उपटायला गेले तर पहिली पट्टी टोकाला फाटली. मग फट करून हॅकसॉचं पातं घातलं आणि खिळेच आतून कापले. बारा पट्ट्या निघाल्या, साडेतीन इंच रुंद, साधारण सहा सूत जाड (आठ सूत म्हणजे एक इंच).

११ फेब्रुवारी, रविवार

फीडर क्र. १ : उघडा ट्रे, १२ बाय ७ इंच, चार बाजूंना दीड इंचाची कड. यापेक्षा सोपी वस्तू लाकडात नसेल असं वाटलं होतं. चारपैकी तीन कडा खिळा ठोकताना चिरल्या. शिवाय बारा इंचांच्या दोन पट्ट्या रेघेवर कापल्या आणि दोन्ही बारा इंचांना अर्धा सूत कमी भरल्या. कारण संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद सविस्तर. गेल्या आठवड्यात जे अडलं होतं ते सगळं आज सुटलं.

वरच्या मजल्यावर ओट्याखालच्या कपाटांचं काम चालू आहे. तिथले मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसले होते. चिरलेली पट्टी त्यांना दाखवली.

“मिस्त्री, प्रत्येक खिळ्याला फळी चिरतेय.”

“टोक बोथट केलंत का, ताई?”

“टोक घालवलं तर तो आत कसा जाणार?”

“जातो. आणा इकडे.”

त्यांनी खिळा उलटा फरशीवर धरला आणि टोकावर हातोडीचा एक हलका ठोका दिला. टोक चपटं झालं. मग माझ्याच पट्टीवर, टोकापासून जेमतेम चार सुतांवर, चार ठोक्यांत खिळा बसवला. पट्टीवर चरा नाही. टोकदार खिळा पाचरीसारखा तंतूंच्या मधे शिरतो आणि त्यांना दोन्हीकडे रेटतो, म्हणून फळी तंतूंच्या रेषेत उलते. बोथट खिळा समोरचे तंतू तोडत, दाबत आत जातो. रेटा कमी, म्हणून चीर नाही. मी घरी येऊन सहा खिळे असे मारले, सहाही नीट बसले. सातवा मुद्दाम टोकदार मारला आणि पट्टी उलली. एवढ्याशा ठोक्याने इतका फरक पडतो हे स्वतःच्या हाताने बघण्यात विलक्षण आनंद आहे.

दुसरी गोष्ट करवतीची. मी कापत होते ते बघून मिस्त्री म्हणाले, “रेघ खाताय तुम्ही.” करवतीच्या दात्यांना जाडी असते. माझ्या करवतीने अर्धा सूत लाकडाचा भुसा होतो. रेघेच्या मधोमध करवत चालवली की त्यातला अर्धा भाग कामाच्या तुकड्यातून जातो. म्हणून करवत रेघेच्या पलीकडे, टाकाऊ बाजूला चालवायची आणि कापून झाल्यावर रेघ कामाच्या तुकड्यावर दिसली पाहिजे. शिवाय मी दोन पट्ट्या एका रेघेवरून तोडल्या होत्या, दोघींच्या मधे भुशासाठी जागाच सोडली नव्हती. अर्धा सूत तिथे गेला.

मिस्त्री सुतातच बोलतात. आठ सुतांचा इंच. सेंटिमीटर सांगितलं की त्यांचा चेहरा कोरा होतो आणि आता मलाही सूतच जवळचं वाटायला लागलंय, कारण टेपवर ते डोळ्यांना सहज सापडतं.

ते फरशीवर बसून, फळी डाव्या पायाच्या तळव्याखाली दाबून कापतात. माझ्याकडे टेबल नाही, तेव्हा मीही तसंच बसायला लागले. पाय बधिर होतो, पण फळी हलत नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

क्र. १ पूर्ण. चारही कोपऱ्यांत पाणी जायला दोन सुतांची भोकं. पॉलिश पेपर आधी ८० नंबर, मग १२०. त्याहून गुळगुळीत करायचं नाही, पक्ष्याच्या नखांना पकड लागते.

सकाळी सव्वासातला बाजरी आणि कणी घालून कठड्याला बांधला. सात पन्नासला पहिला पारवा आला, आठ वाजता पाच. सव्वाआठला सोडून आत आणला. ट्रे नीट झाला आहे, पण उघडा ट्रे या गॅलरीत चालणार नाही. आता त्यात आई कोथिंबिरीची रोपं ठेवते.

८ मार्च, शुक्रवार (महाशिवरात्रीची सुटी)

आठवडाभर कागदावर काम. चिमणी चोचीपासून शेपटीपर्यंत १५ ते १६ सेंटिमीटर, वजन तीसेक ग्रॅम. पारवा ३३ सेंटिमीटर, वजन तीनशेच्या आसपास. वजनाने झाकण बंद होणारे फीडर असतात, पण त्यातली स्प्रिंग आणि बिजागरी मला आज झेपणार नाही. आकारावरून गाळणं सोपं : मधे दाण्याचा ट्रे आणि चारी बाजूंनी गजांचा पिंजरा. दोन गजांमधून चिमणी आत जाते, पारवा बाहेर राहतो.

आईला ‘पिंजरा’ हा शब्द आवडला नाही. दार नसलेला पिंजरा आहे, सगळीकडून बाहेर पडता येतं, असं तिला काढून दाखवलं. मग म्हणाली, “त्याला ओसरी म्हण. ओसरीला खांब असतातच.” तेव्हा क्र. २ चं नाव ओसरी.

१७ मार्च, रविवार

ओसरी उभी राहिली. खाली आणि वर साडेतीन इंची चार-चार पट्ट्या जोडून १४ इंचांच्या दोन चौरस फळ्या केल्या. मागून दोन-दोन आडव्या पट्ट्या गोंद लावून आणि स्क्रू मारून घट्ट बसवल्या. खांबांना बुरूड आळीतून आणलेल्या बांबूच्या काठ्या, तीन सुती.

भोकांसाठी दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून क्लॅम्पने आवळल्या आणि दोन्हीतून एकदम ड्रिल चालवलं, म्हणजे खालचं भोक बरोबर वरच्याच्या खाली येतं. वेगवेगळी पाडली असती तर एकही खांब ओळंब्यात उभा राहिला नसता. खाली रद्दी फळीचा तुकडा ठेवायला विसरले त्या दोन भोकांपाशी लाकूड पाठीमागून फुटलं. पातं बाहेर पडताना शेवटच्या थराला आधार नसतो, तो तुकडा तुटून निघतो. तुकडा ठेवल्यावर बाकीची स्वच्छ आली.

खांबांमधलं अंतर दोन इंच ठेवलं. कमी ठेवलं तर चिमणीला अडेल अशी भीती वाटली. ट्रे मधोमध, खांबांपासून तीन इंच आत.

१९ मार्च, मंगळवार

दोन इंच चुकलं. पारवा आत शिरत नाही, पण मान खांद्यापर्यंत आत घालतो आणि ट्रेच्या कडेवरची बाजरी उचलतो. आज सकाळी एकाच वेळी तीन माना आत होत्या.

खांब काढले. नवी भोकं, दीड इंचाच्या अंतराने. जुनी भोकं तशीच ठेवली तर पाणी मुरेल, म्हणून बांबूचे तुकडे गोंद लावून ठोकून बसवले आणि करवतीने सपाट केले. ट्रे लहान करून चौफेर पाच इंच आत घेतला. दोन संध्याकाळींचं काम.

२० मार्च, बुधवार

जागतिक चिमणी दिवस. हा दिवस २०१० पासून पाळला जातो आणि त्यामागे आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची संस्था आहे. रात्री साडेनऊला शेवटचा खांब बसवून ओसरी टांगली. गॅलरीच्या काचेच्या दारापासून दोन फुटांवर. मुद्दाम इतकी जवळ, कारण दचकून उडालेला पक्षी दोन-तीन फुटांत वेग घेत नाही, काचेवर आपटला तरी निभावतो. तीस फुटांपलीकडे टांगली तरी चालतं. मधलं अंतर वाईट.

२८ मार्च, गुरुवार

आठवडाभर कोणी आलं नाही. पारवे दोन दिवस घिरट्या घालून गेले. आई रोज विचारायची, मी रोज बाजरी बदलायची.

आज सकाळी पावणेसात. काळा गळा असलेला चिमणा आधी गॅलरीतल्या तारेवर, मग ओसरीच्या छपरावर, मग खांबाला आडवा लटकून. डोकं आत घातलं, काढलं, पुन्हा घातलं. अंग बारीक करून आत गेला. तीन दाणे टिपले आणि समोरच्या खांबांमधून उडाला. पाच मिनिटांनी मादीला घेऊन आला. मी आणि आई दाराआड उभ्या होतो, चहा गार झाला.

दीड इंच. बारा सूत. वहीच्या मलपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. काम नाही. ओसरीच्या छपराला आईने कडुलिंबाची डहाळी लावली. पाच चिमण्या.

२१ एप्रिल, रविवार

पारा चाळिशीच्या पुढे गेल्यापासून रात्री लाकडाचा कट्‌ असा आवाज येत होता. आज कारण सापडलं. ओसरीच्या खालच्या फळीत रेषेच्या दिशेने भेग पडली आहे, एक सूत रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मिस्त्रींना फोटो पाठवला. त्यांचा फोन लगेच आला : “ताई, मागच्या पट्ट्या गोंदाने बसवल्यात का?” हो म्हटलं. “मग लाकडानं जायचं कुठं?”

लाकूड रुंदीत आकसतं आणि फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. माझ्या पट्ट्या पॅलेटमध्ये उघड्यावर पडलेल्या होत्या, त्यांच्यात ओल होती. पुण्याच्या एप्रिलच्या कोरड्या हवेने ती ओढून घेतली आणि फळी रुंदीत आकसायला लागली. मागची आडवी पट्टी तिच्याशी काटकोनात असते, म्हणजे त्या दिशेने पट्टीची लांबी येते आणि ती आकसत नाही. दोन्ही गोंदाने एकजीव केलेल्या. फळी आत ओढते, पट्टी धरून ठेवते, आणि जिथे लाकूड कमजोर तिथे फाटतं.

दुरुस्ती, मिस्त्रींच्या सांगण्यावरून : मागच्या पट्ट्या पटाशीने उचकटून काढल्या. तासभर लागला, गोंदाने मी समजले होते त्याहून पक्कं धरलं होतं. नव्या पट्ट्यांना गोंद नाही. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोकं कानशीने रुंदीच्या दिशेने लांबट केली, म्हणजे फळी स्क्रूखाली सरकू शकेल. भेगेत पाचर मारली नाही. पावसाळ्यात लाकूड फुगलं की काय होतं ते बघायचं आहे.

ओसरीशेजारी मातीचं पसरट भांडं ठेवलं, पाणी दोन बोटं. उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाण्यालाच गर्दी जास्त. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास.

आणखी एक बदल. जास्वंदीवरच्या मावा किडीसाठी मी औषध फवारायचे, ते बंद केलं. चिमण्या मोठ्या झाल्यावर दाणे खातात, पण पिल्लांना सुरुवातीला किडे आणि अळ्याच लागतात. नुसत्या बाजरीवर ती वाढत नाहीत. काल मादी जास्वंदीच्या पानामागून मावा टिपताना दिसली.

१३ मे, सोमवार (मतदानाची सुटी)

सकाळी मतदान, दुपारी क्र. ३. लालबुड्या बुलबुलांची जोडी गुलमोहरावर असते. ती दाण्याला येत नाही, तिला फळ लागतं. एक उभी फळी, तळाशी छोटी बैठक, फळ टोचायला बांबूची टोकदार खुंटी. खिळा नको, गंजतो. दीड तासात झालं, कुठेही चीर नाही. पपईची फोड लावली. पहिल्या तासात खारूताई घेऊन गेली, दुसरी फोड बुलबुलांना मिळाली.

लाकडी घाण्यावरून आणलेलं कच्चं जवसाचं तेल तिन्ही फीडरना बाहेरून लावलं. दाण्याच्या बाजूला काही लावलं नाही. बाजारात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची द्रव्यं असतात, पक्ष्यांच्या वस्तूला ते नको. कच्चं तेल वाळायला आठवडे लागतात, घाई करू नये. आणि हे ठळक लिहिते : तेल पुसलेली चिंधी चुरगळून टोपलीत टाकायची नाही. जवसाचं तेल वाळताना उष्णता तयार होते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. तारेवर पसरून वाळवली, मग भिजवून टाकली.

२० मे, सोमवार

काल वळीव. ट्रे भिजला, बाजरी फुगली. सगळी काढली, ट्रे घासून उन्हात. छप्पर चारी बाजूंनी तीन इंच बाहेर काढलं.

९ जून, रविवार

काल शहरात तुफान पाऊस. रस्त्यांच्या नद्या झाल्या. मी तीन तास अडकले होते. घरी येऊन आधी ओसरी बघितली.

एक : एप्रिलमधली भेग मिटली आहे. नख शिरत नाही. मिस्त्रींच्या स्क्रूंनी लाकडाला जायला आणि यायला जागा दिली.

दोन : दाणा भरायला छपरात केलेलं सरकतं झाकण अडकलं, हाताने निघेना. ते मे महिन्यात, लाकूड सगळ्यात आकसलेलं असताना, अगदी अचूक बसेल असं घासलं होतं.

तीन : ट्रेच्या कोपऱ्यात बाजरीला मोड आले आहेत आणि त्याच्याखाली हिरवट-काळी बुरशी. भोकं आहेत, पण बाजरीच त्यात अडकून बसते. बुरशीचा दाणा पक्ष्याला आजारी पाडतो. सगळं फेकलं, उकळत्या पाण्याने ट्रे घासला.

२३ जून, रविवार

ट्रेचा लाकडी तळ काढून टाकला. त्या जागी बारीक स्टीलची जाळी, कडांना चुका (बारीक खिळे) मारून. पाणी थांबायला जागाच नाही. पावसाळ्यात रोज फक्त दोन चमचे दाणा घालायचा, सकाळी संपेल एवढाच, आणि दर रविवारी धुवायचं.

झाकणाच्या दोन्ही कडांवरून रंधा फिरवला. ओलं पाइन असूनही ढलप्या लांब, सलग निघाल्या. फेब्रुवारीत माझ्या रंध्यातून नुसता चुरा यायचा. आता दोन्हीकडे एकेक सूत मोकळी आहे. उन्हाळ्यात ते झाकण थोडं खुळखुळेल, खुळखुळू दे.

पावणेआठला तारेवर चिमणीचं पिल्लू, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. पंख थरथरवत ओरडत होतं. चिमणा ओसरीत जाऊन दाणा आणत होता, चोचीत भरवत होता. पिल्लाने एकदा खांबांपर्यंत उडी मारली आणि घाबरून परत तारेवर गेलं.

खालच्या काकू वर आल्या होत्या. खिडकीचा कट्टा गेले तीन महिने स्वच्छ आहे म्हणाल्या, मग जरा थांबून विचारलं, “मलाही एक करून देशील का गं? चिमण्यांचा आवाज येतो खाली, दिसत मात्र नाहीत.” लगेच त्यांच्या खिडकीचं माप घेऊन आले. ग्रीलच्या आत ३४ इंच चार सूत, खोली नऊ इंच. चौरस ओसरी बसणार नाही, लांबट करावी लागेल : ३० बाय ९, ट्रे दोन इंच रुंद आणि ग्रीलच्या बाजूने आत घेतलेला. त्या बाजूने पाच इंच मिळतात, आणि काचेच्या बाजूने पारव्याला यायला वाट नाही.

उरलेल्या पाच पट्ट्या पलंगाखाली ठेवल्या आहेत, मधे काड्या घालून, हवा खेळेल अशा. आत्ता कापायच्या नाहीत, ओल आहे. दिवाळीनंतर.